पत्रे फोडणारा खुनी : शनिवारच्या भागावरील चर्चा

ए-३०२, बाई :
सर्वांना नमस्कार. शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये आपण ‘कोलंबो’ या पोलीस तपासाच्या अमेरिकन मालिकेतला ‘मर्डर बाय द बुक’ हा भाग पाहिला, आणि खुर्च्या उचलता उचलता निम्म्या मंडळींनी एकच तक्रार केली, की खुनी कोण हे सुरुवातीलाच दाखवून टाकल्यावर पुढे तासभर पाहायचे तरी काय. त्या वेळी जेवणाची घाई होती म्हणून मी गप्प बसले; पण तक्रार मनात राहिली आहे आणि तिचे उत्तर द्यावे असे वाटते.

ज्यांना येता आले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. जिम फेरिस आणि केन फ्रँकलिन हे दोघे मिळून रहस्यकादंबऱ्या लिहितात, म्हणजे पुस्तकावर नाव दोघांचे असते, पण लिहितो एकटा जिम; केन मुलाखती देतो, लोकांत मिरवतो. जिमला आता स्वतंत्रपणे लिहायचे आहे. हे कळल्यावर केन त्याला गोडीगुलाबीने सॅन डिएगोजवळच्या आपल्या केबिनवर नेतो, तिथून लॉस एंजेलिसला बायकोला फोन करायला लावतो आणि ‘मी अजून ऑफिसातच काम करतो आहे’ असे जिम तिला सांगत असतानाच त्याला गोळी घालतो. तिकडे बायकोला फोनवर गोळीचा आवाज ऐकू येतो आणि नवरा ऑफिसात मारला गेला, अशी तिची खात्री होते. त्या क्षणी केन तर तिथून सुमारे १९० किलोमीटर दूर आहे. आपल्याकडे बेळगावहून हुबळीला जाऊन परत यावे, एवढे ते अंतर.

आता मूळ मुद्दा. खुनी आपल्याला ठाऊक असतो, पण तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला, म्हणजे कोलंबोला, तो कशावरून कळणार, हे ठाऊक नसते. रहस्य तिथे आहे. केन प्रेत गाडीतून परत आणतो, स्वतःच्याच घरासमोरच्या हिरवळीवर ठेवतो आणि पोलिसांना कळवतो. पोलीस येईपर्यंतच्या वेळात तो काय करतो? आलेली टपालाची पाकिटे फोडून वाचतो. कोलंबोची नजर त्या फोडलेल्या पाकिटांवर जाते. इतक्या वर्षांचा जोडीदार दारात मरून पडला असताना कोणाला विजेचे बिल पाहावेसे वाटेल? तिथे ना रक्ताचा डाग आहे ना बोटाचा ठसा, फक्त फोडलेली पाकिटे आहेत. मी पस्तीस वर्षे वर्गात उभी राहिले. गृहपाठ न केलेले मूल तोंडाने काहीही सांगो, त्याचे हात दप्तराच्या बंदाशी खेळत असले की मला कळत असे. म्हणून तो प्रसंग मला या भागातला सर्वांत खरा वाटला.

सी-४०१ :
बाई, पाकिटांचा मुद्दा पटला. मला मात्र फोनची युक्तीच पटली नाही. आज फोन कुठून आला हे क्षणात कळते. त्या बायकोला किंवा पोलिसांना हा फोन खरोखर ऑफिसातूनच आला का, अशी शंका यायला नको होती का?

बी-१०४, टेलिफोन खात्यातले काका :
बाळा, हा भाग अमेरिकेत १५ सप्टेंबर १९७१ रोजी दाखवला गेला, हे आधी लक्षात घे. तेव्हाच्या फोनवर समोरून फोन करणाऱ्याचा नंबर दिसत नसे. पलीकडचा माणूस जिथून बोलतो आहे असे सांगेल तिथूनच बोलतो आहे, असे मानण्यावाचून ऐकणाऱ्याला गत्यंतर नव्हते. तिकडे परगावचा नंबर थेट फिरवता येत होता, म्हणून केनची युक्ती चालली. आपल्याकडे थेट डायलिंग १९६० मध्ये कानपूर-लखनौ मार्गावर सुरू झाले खरे, पण लहान शहरांपर्यंत ते यायला पुष्कळ वर्षे लागली. तोवर परगावी बोलायचे म्हणजे ट्रंक कॉल बुक करायचा. साधा, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचे, आणि मग तासन्‌तास फोनजवळ बसायचे. कॉल लागला की ऑपरेटर आधी पलीकडच्याला विचारणार, ‘अमुक गावाहून कॉल आहे, घेता का?’ शिवाय प्रत्येक कॉलचे तिकीट फाडले जाई, आणि त्यावर कुठून कुठे, किती वाजता, किती मिनिटे हे सारे लिहिलेले असे. म्हणजे केनने हाच बेत आपल्याकडे आखला असता, तर जिमच्या बायकोला गोळीच्या आवाजाआधी गावाचे नाव ऐकू आले असते. मी स्वतः ती तिकिटे लिहिलेली आहेत, म्हणून हे खात्रीने सांगतो.

बी-२०३, काकू :
मला तो ऑम्लेटचा प्रसंग फार आवडला. नवरा गेलेल्या त्या बाईला कोलंबो घरी पोहोचवतो आणि तिच्याच स्वयंपाकघरात शिरून तिच्यासाठी ऑम्लेट करू लागतो. शेजारी बसलेल्या एकीने ‘हा काय पोलीस म्हणायचा’ असे म्हटले, पण आपल्याकडे तरी वेगळे काय होते? ज्या घरी माणूस गेलेला असतो तिथे चूल पेटत नाही, म्हणून शेजारचे कोणीतरी पिठले-भाताचे पातेले घेऊन जाते आणि समोर बसून दोन घास खायला लावते. माझे सासरे गेले तेव्हा वडगावच्या घरी तीन दिवस ज्या शेजारणीने आम्हाला जेवू घातले, तिच्याशी मग मी घरातले सगळे बोलले. एरवी तोंडातून शब्द फुटत नव्हता. कोलंबोलाही ती बाई बोलती व्हायला हवी होती, पण त्याने आधी अंडी फेटायला घेतली. पूर्वी १९८५ साली दूरदर्शनवर पंकज कपूर यांचा करमचंद गाजर खात खात तपास करायचा, तोही मी आवडीने पाहत असे. पण तो आपल्या तोऱ्यात असायचा. हा चुरगळलेल्या कोटातला माणूस घरातल्यासारखा वाटतो.

ए-१०१, वकीलकाका :
माझा आक्षेप शेवटावर आहे. कोलंबो केनला सांगतो, की पहिला खून अत्यंत हुशारीने रचलेला आहे आणि दुसरा, म्हणजे केनला जिमसोबत पाहिलेल्या दुकानवाल्या बाईचा, अगदी ढोबळ आहे, तेव्हा पहिल्याची कल्पना तुमची नसणार. आणि जिमच्या कागदांत त्याला हीच युक्ती लिहिलेली सापडलेली असते. त्यावर केन गुन्हा कबूल करून मोकळा होतो. आपल्या न्यायालयात या कबुलीला कवडीची किंमत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम २५ प्रमाणे पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नसे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ खाली हीच तरतूद कायम आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरता भाग घेता येतो. परंतु इथे कागद कोलंबोला आधीच सापडलेला आहे, म्हणजे तीही वाट बंद. अमेरिकेत नियम वेगळा आहे. तिथे १९६६ च्या मिरांडा निकालाप्रमाणे कोठडीतल्या आरोपीला गप्प राहण्याच्या आणि वकील मिळण्याच्या हक्काची समज देऊन घेतलेली कबुली चालते. पण ती वगळली तर हाती उरते काय? एक टिपण, काही फोडलेली पाकिटे आणि विमानाने न येता केन गाडीने का आला, हा एक प्रश्न. मी केनचा वकील असतो, तर त्याला तोंड उघडू दिले नसते.

ए-३०२, बाई :
वकीलकाका, कायद्याचे आपले म्हणणे मी पूर्णपणे मान्य करते, आणि ते वाचून मला तो शेवट अधिकच आवडू लागला आहे. केनने गप्प राहायला हवे होते, हे खरेच. पण तो गप्प का राहू शकला नाही, ते पाहा. तो म्हणतो, की ही युक्ती माझीच होती, मीच ती जिमला पाच वर्षांपूर्वी सांगितली होती आणि त्याने ती लिहून ठेवली. आयुष्यभर दुसऱ्याच्या लेखणीवर मोठा झालेला माणूस आहे तो. त्याला स्वतःची अशी एकच चांगली कल्पना सुचली, आणि तीही मेलेल्या जोडीदाराच्या नावावर जमा होते आहे हे ऐकताच तो सावधपणा विसरतो. त्याला पुराव्याने नव्हे, मानाने बोलते केले. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी हा भाग वयाच्या चोविसाव्या वर्षी दिग्दर्शित केला. त्यांनी सुरुवातीला, केनची गाडी रस्त्याने येत असताना, संगीताऐवजी फक्त जिमच्या टाइपरायटरची खडखड ऐकवली आहे, ती कोणाच्या लक्षात आली का? काम कोण करतो हे तिथे कानावर पडते आणि ऐट कोण मिरवतो हे डोळ्यांना दिसते. शेवटची कबुली त्या पहिल्या मिनिटातच पेरलेली आहे.

सी-४०१ :
बाई, हे वाचून मी आज पहिली दहा मिनिटे पुन्हा पाहिली. केन ‘लायटर विसरला’ असे सांगून परत वर जातो आणि ऑफिस विस्कटून येतो, ते शनिवारी माझ्या लक्षातच आले नव्हते.

बी-२०३, काकू :
एक गोष्ट मात्र मला खुपली. दुकानवाल्या ला सांका बाईंचे काय? जांबोटीकडे जाताना आपण चहासाठी थांबतो तशा वाटेवरच्या दुकानात केन थांबतो, आणि गाडीत जिम बसलेला आहे हे ती बाई पाहते. अशा दुकानदारणीला येणारा-जाणारा प्रत्येक माणूस ठाऊक असतो. गप्प राहण्यासाठी तिने केनकडे पैसे मागितले हे चुकलेच, परंतु ती एकटी होती आणि त्याच्याशी दोन गोड शब्द बोलायला मिळाले म्हणून किती आनंदली होती! शँपेनच्या बाटलीने तिला मारून तो तळ्यात टाकतो आणि कथा पुढे निघून जाते.

ए-३०२, बाई :
काकू, इथे मी मालिकेची बाजू घेणार नाही. वकीलकाकांचा आक्षेप कायद्याचा होता, त्याला उत्तर देता आले. याला माझ्याजवळ उत्तर नाही. हलक्याफुलक्या खूनकथेत दुसरा बळी बहुधा पुरावा पुढे सरकवण्यापुरताच येतो, आणि इथेही कोलंबो तिच्या मरणाकडे पाहतो ते ‘ढोबळ खून’ म्हणून. जिमच्या मागे निदान त्याच्या बायकोसाठी ऑम्लेट करणारा कोणीतरी आहे. ला सांका बाईंच्या दुकानाचे कुलूप दुसऱ्या दिवशी कोणी उघडले, हे मात्र भागभर कोणीही विचारत नाही.