सल्ला हवा: विनिपेग जेट्सचा पूर्ण हंगाम कसा पाहावा? (तिकिटं, जागा, थंडी, नियम)

ओवी_विनिपेग:
नमस्कार मंडळी. घरात दोन मोठे आणि सात वर्षांची मुलगी. आता हेच गाव आपलं, म्हणजे जेट्सही आपलेच, त्यामुळे या हंगामापासून संघ मनापासून फॉलो करायचा आहे. भारतातली हॉकी कळते, बर्फावरची नाही. सीझन तिकीट परवडणारं नाही. सुरुवात कशी करावी, कुठे बसावं, उणे तीसमध्ये मुलीला घेऊन जाणं कसं जमवावं? जर्सी आणि शाकाहारी खाण्याबद्दलही सांगा.

असिनिबॉइन:
तिकिटांपासून सुरुवात करा, कारण नवी माणसं सगळ्यात जास्त पैसे तिथेच घालवतात.

हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. 2025-26 पर्यंत प्रत्येक संघाचे 82 सामने होते, निम्मे घरच्या रिंकवर. 2026-27 पासून 84. प्रत्येक सामन्याचा दर वेगळा असतो. टोरोंटो आणि मॉन्ट्रियल आले की दर चढतात, कारण त्यांचे चाहते सगळ्या प्रेअरीभर (इथल्या मैदानी प्रांतांत) आहेत. शनिवारही महाग. तुम्ही मंगळवार-बुधवारचा, शक्यतो जानेवारीतला, दूरच्या अमेरिकन संघाविरुद्धचा सामना धरा. अशा दिवशी फेरविक्रीचे दर पक (खेळायची रबरी चकती) पडण्याआधीच्या दोन-तीन तासांत बहुतेक वेळा खाली येतात, कारण सीझन तिकीटवाल्यांना सीट रिकामी जाऊ द्यायची नसते. टोरोंटोच्या सामन्याला ही वाट पाहू नका, तिथे ती फसते.

तिकीट मोबाइलवरच येतं. स्क्रीनशॉट दारावर चालत नाही, बारकोड सारखा बदलत असतो. घरूनच ते फोनच्या वॉलेटमध्ये टाका आणि फोन आतल्या खिशात ठेवा. उणे पंचविसात बाहेरच्या खिशातला फोन दाराशी पोचेपर्यंत बंद पडतो.

सगळ्यात आधी मात्र मॅनिटोबा मूसचे दोन-तीन सामने पाहा. तो जेट्सचा एएचएलमधला (एनएचएल या मुख्य लीगच्या खालची लीग) संघ, खेळतो त्याच कॅनडा लाइफ सेंटरमध्ये. तिकीट बरंच स्वस्त, शनिवार-रविवारी दुपारचे सामने असतात, मुलीची झोपही बिघडणार नाही. पुढे जेट्समध्ये जाणारी पोरं तुम्हाला आधीच ओळखीची होतील, हा फायदा वेगळाच.

गोलपोस्ट:
जागेबद्दल. काचेला लागून बसायचा मोह टाळा. धडक जवळून दिसते हे खरं, पण समोरच्या टोकाला काय चाललंय ते कळत नाही आणि अलीकडच्या कोपऱ्यातला पक बोर्डाआड जातो. शिकायचं असेल तर वरच्या टप्प्यातल्या पुढच्या रांगा, मध्यरेषेजवळ किंवा कोपऱ्यात. पाचही खेळाडूंची मांडणी तिथून एका नजरेत येते. वरचा टप्पा चांगलाच उभा आहे, मुलीचा हात धरून उतरा.

गोलमागे वर जाळी असते, बाजूंना नसते. 2002 मध्ये कोलंबसला पक लागून एका मुलीचा जीव गेला, त्यानंतर लीगने गोलमागची जाळी सक्तीची केली. लहान मूल सोबत असेल तर बाजूच्या खालच्या रांगा नकोतच, आणि खेळ चालू असताना मान फोनमध्ये घालू नका.

आता खेळ. आपल्या हॉकीतून ऑफसाइड 1990 च्या दशकातच गेला, इथे तो जिवंत आहे: निळ्या रेषेपलीकडे आधी पक, मग खेळाडू. आयसिंग म्हणजे स्वतःच्या अर्ध्या भागातून मारलेला पक कुणाचा स्पर्श न होता थेट समोरच्या गोलरेषेपार जाणं. मग फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं) मारणाऱ्याच्याच गोलसमोर होतो, आणि त्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. खरी मेख या दुसऱ्या भागात आहे. खेळाडू साधारण 45 सेकंदच बर्फावर असतो, कारण तेवढ्यात पाय संपतात. आयसिंग झालं की त्याच दमलेल्या पाच जणांना उभं राहावं लागतं.

म्हणून दुसऱ्या पिरियडकडे डोळे लावून बसा. बाजू बदलतात पण बाक तिथेच राहतात, त्यामुळे बचाव करताना आपला बाक लांब पडतो. एखादा बचावपटू दीड मिनिट अडकलेला दिसेल: गुडघे सरळ होतात, स्टिक बर्फावर टेकते, वळताना तो एक पाऊल मागे राहतो. गोल बहुतेक तिथूनच येतो. आणि पकमागे मान फिरवत बसू नका, पकशिवायचे चार जण बघा.

गोलकीपर कॉनर हेलेबक हा स्वतंत्र अभ्यास आहे. सर्वोत्तम गोलकीपरचा वेझिना पुरस्कार तीन वेळा (2020, 2024, 2025), शिवाय सर्वांत मोलाच्या खेळाडूचा 2025 चा हार्ट. त्याच्या झेपा मोजत बसाल तर निराश व्हाल. तो शॉटच्या आधीच कोनात जाऊन उभा असतो, म्हणून बचाव सोपा दिसतो.

तांबडीनदी:
थंडीचं. रिंक 300 पोर्टेज ॲव्हेन्यूला, डाउनटाउनच्या स्कायवॉकला जोडलेलं. गाडी समोरच्या मिलेनियम लायब्ररीच्या भूमिगत पार्किंगमध्ये लावा. चार ब्लॉक लांब उघड्यावर स्वस्त जागा मिळते, पण उणे तीसमध्ये तीन तास इंजिनाचा हीटर न लावता उभी गाडी रात्री साडेनऊला सुरू होईलच असं नाही. बसने जाणार असाल तर जुन्या माणसांनी सांगितलेले नंबर विसरा, सगळं जाळं जून 2025 मध्ये बदललंय. ॲपवर आजचा मार्ग पाहा.

आत तितकी थंडी नसते. जाड पार्का मांडीवर घेऊन बसणं तीन जणांना फार अडचणीचं होतं, म्हणून आत लोकरीचा थर, त्यावर जर्सी, बाहेर वाऱ्याचं जाकीट. मुलीला कानावरचे हेडफोनसारखे रक्षक घ्याच, कानात घालायचे बोळे लहान मुलांच्या कानातून निसटतात. गोलचा भोंगा अचानक वाजतो. सात वाजताचा सामना साधारण साडेनऊला संपतो. तीन पिरियड, मध्ये 18-18 मिनिटांची विश्रांती.

ओवी_विनिपेग:
खूपच कामाचं. जर्सी आणि खाणं राहिलं. आणि तो पांढरे कपडे घालायचा प्रकार काय आहे?

असिनिबॉइन:
व्हाइटआउट. 1987 च्या प्लेऑफमध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) कॅल्गरीचे लोक लाल घालून येत, त्याला उत्तर म्हणून विनिपेगकर पांढऱ्यात आले. तेव्हापासून प्लेऑफला सगळं रिंक पांढरं. नियमित हंगामात नाही, ऑक्टोबरात पांढरे झगे घालून जाऊ नका. मुलीला साधा पांढरा टीशर्ट पुरतो.

जर्सी एकच घेणार असाल तर निळी घ्या. 2024-25 पासून एनएचएलची अधिकृत जर्सी फॅनॅटिक्सची. खालून स्वेटर घालता येईल इतकी मोठी हवी. खेळाडूच्या नावाचीच हवी असेल तर लांब करार असलेला निवडा. नकली ओळखायची तर आकड्यांची शिवण बघा: अक्षरांच्या कडा वर आलेल्या, आणि आकड्याभोवती कापड आकसलेलं. धुताना उलटी करून गार पाण्यात, ड्रायरमध्ये कधीच नाही. उष्णतेने आकड्यांचा गोंद सुटतो.

खाणं: पूटीनवरची (चीज घातलेले तळलेले बटाटे) ग्रेव्ही बहुतेक ठिकाणी मांसाच्या रसाची असते, विचारल्याशिवाय घेऊ नका. पेरोगीवर (सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या) बेकन टाकायची सवय आहे, ‘बेकन नको’ हे आधीच सांगा. पॉपकॉर्न निर्धोक. खरं तर घरून जेवून जावं, आत सगळं महाग.

राष्ट्रगीतात ‘ट्रू नॉर्थ’ हे शब्द आले की अख्खं रिंक ते ओरडून म्हणतं. संघ परत आणणाऱ्या कंपनीचं ते नाव, आणि ते म्हणताना इथल्या लोकांच्या आवाजात जे येतं त्याला कारण आहे. पहिले जेट्स 1996 मध्ये फिनिक्सला गेले. पंधरा वर्षं गावात एनएचएल नव्हतं. 2011 मध्ये अटलांटाचा संघ इथे आला. रिंक लीगमधल्या सर्वांत लहानांपैकी, म्हणून भरलेल्या खुर्चीची किंमत इथे जास्त. सीझन तिकिटं सुमारे 13,000 वरून 2024 पर्यंत 9,500 च्या खाली आली, तेव्हा गाव धास्तावलं होतं. मंगळवारच्या सामन्याला जा असं मी म्हणतो ते फक्त पैशांसाठी नाही.

आत टिमोथी ईटनचा बसलेला पुतळा आहे. रिंकच्या जागी पूर्वी ईटन्सचं दुकान होतं, तिथला. शुभ म्हणून त्याच्या बुटाचं टोक घासतात. तेवढंच टोक चकचकीत, बाकी पुतळा काळपट. मुलीला नक्की न्या.

सदाशिव_ते_सेल्कर्क:
एक पुरवणी. तिसऱ्या पिरियडमध्ये गर्दी टाळायला लवकर निघू नका. 4 मे 2025, प्लेऑफमध्ये सेंट लुइसविरुद्ध सातवा, म्हणजे मालिकेचा निर्णायक सामना: दोन मिनिटांहून कमी उरले असताना 1-3 ने मागे, शेवटच्या दोन-तीन सेकंदांत बरोबरी, आणि दुसऱ्या जादा वेळेत कर्णधार ॲडम लाउरीचा गोल, 4-3. नियमित हंगामात जादा वेळ पाच मिनिटांची, तीनास तीन, मग शूटआउट. प्लेऑफमध्ये 20-20 मिनिटं, गोल होईपर्यंत. त्या रात्री शेवटच्या बसवर विसंबू नका.

आजी-आजोबा पुण्यात असतील तर त्यांनाही वेळ सांगून ठेवा: इथले संध्याकाळचे सात म्हणजे तिथे दुसऱ्या दिवशी पहाटे 5.30, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत 6.30.

ओवी_विनिपेग:
शेवटचा प्रश्न. चार मराठी घरं मिळून दोन सीटचं सीझन तिकीट घ्यावं असं ठरतंय. वाटणी कशी करतात?

गोलपोस्ट:
वेळापत्रक आलं की चिठ्ठ्या टाकून क्रम लावा आणि सापासारखं फिरवा: 1-2-3-4, मग 4-3-2-1, असं सामने संपेपर्यंत. प्रत्येकाला दहाएक सामने येतात. टोरोंटो आणि मॉन्ट्रियल यादीतून आधीच काढून वेगळी चिठ्ठी टाका, नाहीतर पहिल्या नंबराच्या घराला कायमचा फायदा. न जमणारा सामना आधी गटात विचारायचा, मगच बाहेर विकायचा. प्लेऑफचं ऑक्टोबरातच लिहून ठेवा: पैसे कोण भरणार, पहिला सामना कुणाचा. एप्रिलमध्ये ही बोलणी करायला गेलात तर मैत्री ताणली जाते. खातं एकाच्या नावावर राहतं, त्याने प्रत्येक घराची तिकिटं महिन्याच्या सुरुवातीलाच ॲपवरून पाठवून द्यावीत. सामन्याच्या दिवशी तो विमानात असला तर बाकीचे दाराबाहेर उभे राहतात.