क्वार्टरवरचा दीड मिलिमीटर आणि टीव्हीवरचा सोडा

आडकित्ता
शेजारच्या धाग्यावर एकांनी लिहिलंय: "दारूच्या जाहिरातीवर बंदी आहे, बाटलीवर इशारा आहे, प्रत्येक राज्य लेबल तपासून घेतं. आता काय सरकारने घरी येऊन ग्लास हिसकावून घ्यायचा?" तिथे दोन ओळींत भागणार नाही, म्हणून वेगळा धागा.

तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गोम अशी, की लेबल आणि जाहिरात यांची तपासणी उलट्या क्रमाने होते. लेबल बाटलीला चिकटायच्या आधी राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याच्या टेबलावर जातं. ७५०, ३७५, १८०, ९० मिली, प्रत्येकाचा नमुना सादर करायचा. मंजुरी नाही तर माल हलत नाही. दारूच्याच नावाचा सोडा दाखवणारी जाहिरात मात्र आधी झळकते. मग कुणीतरी तक्रार करतो, मग कंपनीला म्हणणं मांडायला मुदत, मग निर्णय. तोवर क्रिकेटचा हंगाम आटोपलेला असतो आणि ती जाहिरात तशीही उतरणारच असते. याला बंदी म्हणायचं असेल तर म्हणा.

बारदाना
अर्धवट माहितीवर एवढा मोठा धागा! केबल टेलिव्हिजन नियम १९९४, नियम ७ काढून वाचा. दारूची थेट किंवा आडून जाहिरात करायला तिथे मनाई आहेच. २००९ मध्ये त्यात दारूचं नाव लावलेल्या दुसऱ्या वस्तूंना सवलत आली ती अटींसकट: दृश्यात फक्त परवानगी असलेली वस्तूच दिसली पाहिजे, दारूचा उल्लेख नको, दारूशी जोडलेले रंग आणि मांडणी नको, दारूच्या जाहिरातीत हमखास दिसणारे प्रसंग नकोत. वर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र, तेही प्रक्षेपणाआधी. म्हणजे टीव्हीपुरता तुमचा 'उलटा क्रम' बाद.

आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं? नुसतं नाव सारखं आहे म्हणून जाहिरात सरोगेट, म्हणजे दारूची आडून केलेली, ठरत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. सोडा खरोखर विकला जात असेल तर त्याची जाहिरात का करू नये?

आडकित्ता
प्रमाणपत्राचा मुद्दा मान्य, टीव्हीपुरता. बाकी "खरोखर विकला जातो" याची कसोटी बघू. ती ठरवली आहे एएससीआयने, म्हणजे जाहिरातवाल्यांच्याच स्वनियमन संस्थेने. दुकानांतली उपलब्धता त्या गटातल्या आघाडीच्या ब्रँडच्या १० टक्के, किंवा देशभरात वर्षाला ५ कोटींची उलाढाल, किंवा ज्या राज्यात विकता तिथे १ कोटी. दारू कंपनीच्या हिशेबात ५ कोटी म्हणजे चिल्लर.

जाहिरातखर्चाची मर्यादा तर बघाच. पहिली दोन वर्षं उलाढालीच्या २०० टक्के, तिसऱ्या वर्षी १००, चौथ्या वर्षी ५०, पुढे ३०. रुपयाचा सोडा विकून दोन रुपये जाहिरातीवर उधळणारा सोडेवाला दाखवा.

फुलस्टॉप
दोघेही टीव्हीवरच अडकलात. केबलचे नियम केबलपाशी संपतात. फोनवरच्या रीलला सेन्सॉर बोर्ड लागत नाही. तिथे उरतो ग्राहक संरक्षण कायदा २०१९: पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यावर एक वर्षापर्यंतची बंदी, पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत. कंपनी दंड खर्चात धरून मोकळी होते. चेहऱ्याला मात्र वर्षभर घरी बसणं परवडत नाही. धार असलीच तर या कलमाला आहे.

नाममात्र
महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यात जाहिरातीसाठी कलम २४ आहे. त्यातला दारूची 'भलामण' करण्यावर बंदी घालणारा भाग १९५१ मध्येच बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. बाकीचं कलम शाबूत. चालू द्या.

शाईदौत
सोडा राहू द्या हो. बाटलीवरच्या इशाऱ्याबद्दल कुणी बोलणार आहे का?

एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१८ चे मद्य नियम १ एप्रिल २०१९ पासून लागू झाले. २०० मिलीपर्यंतच्या बाटलीवर इशाऱ्याची अक्षरं किमान दीड मिमी, त्याहून मोठ्या बाटलीवर ३ मिमी. म्हणजे खंब्याला (७५० मिली) ३, क्वार्टर (१८०) आणि नाइन्टीला (९०) दीड. दीड मिमीचं इंग्रजी कॅपिटल म्हणजे छपाईच्या मापात साधारण ६ पॉइंट. राज्याने सांगितलं तर इशारा स्थानिक भाषेत छापता येतो आणि मग इंग्रजी परत छापावं लागत नाही. सोय चांगली आहे. पण 'आरोग्यास हानिकारक' ६ पॉइंटात लावून बघा. शिरोरेषेपासून पायापर्यंत जेमतेम सव्वा मिमी उरतं. गडद तपकिरी जमिनीत पांढरं अक्षर सोडलं असेल तर शाई चारी बाजूंनी आत सरकते, 'ग्य' आणि 'स'ची पोटं बुजतात. चार रंगांच्या मिश्रणातून काढलं तर छपाईची एक प्लेट केसभर सरकली की अक्षराला सावली येते. आणि सोनेरी फॉइलवर छापलं की ट्यूबलाइटखाली वाचूनच दाखवा.

बारदाना
नियमात दीड मिमी आहे ना? मात्रा-वेलांटीसकट मोजा, भरतं दीड.

शाईदौत
मात्रेसकट! उत्तम. मग 'रो'ची मात्रा आणि 'नि'ची वेलांटी ताणायची, की ओळ कागदोपत्री दीड मिमी. 'र' आणि 'क' एक मिमीचे असले तरी चालतील. ही पळवाट तुम्ही इथे फुकट वाटताय.

बारदाना
पळवाट नाही, मोजायची पद्धत आहे. तुम्ही छपाईवाले गिऱ्हाइकाचं काम बिघडलं की नियमाला शिव्या देता. नीट प्लेट काढा.

शाईदौत
प्लेट नीटच निघते. डिझाइन तुमच्याकडून येतं. तेच तपकिरी, तेच सोनेरी.

गुळांबा
अक्षरं मोठी करून लिहिणार काय, तेही बघा. बिस्किटाच्या पुड्यावर कॅलरीचा तक्ता सक्तीचा, आणि दारूच्या लेबलवर २०१८ च्या मूळ नियमांनी पोषणमूल्यं छापायलाच मनाई केली होती! हिशेब अवघड आहे का? १८० मिली गुणिले ४२.८ टक्के म्हणजे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल. वजनात ६१ ग्रॅम. ग्रॅममागे ७ किलोकॅलरी, म्हणजे एका क्वार्टरमध्ये सव्वाचारशे. आणि त्याच नियमांत प्रमाणित ड्रिंक १२.७ मिली शुद्ध अल्कोहोलचं धरलंय, म्हणजे एक क्वार्टर = सहा ड्रिंक. 'सहा' हा एक आकडा ठळक छापा. इशाऱ्यापेक्षा तो जास्त कळेल.

फुलस्टॉप
पोषणमूल्यांवर मनाई ठेवण्यामागे कारण दिसतं. तक्ता दिला की पुढच्याच महिन्यात 'चरबी ०, साखर ०' हे दोन शब्द सुट्टे काढून समोरच्या लेबलावर येतील. व्हिस्कीत चरबी नसतेच, म्हणजे खोटंही नाही. सहाचा आकडा मात्र पटला.

बारदाना
सहाचा आकडा वाचून लोक पाचवर थांबतील, अशी आशा आहे वाटतं.

गुळांबा
इशारा वाचून शून्यावर थांबतात अशी तुमची आहेच की.

आडकित्ता
धागा जाहिरातीचा होता, याची नम्र आठवण. आणि ०.५ टक्क्यापर्यंतचं पेय 'मद्य' या व्याख्येतच बसत नाही. त्यामुळे 'झीरो' बिअरचा तोच डबा, तोच हिरवा रंग, तेच चिन्ह घेऊन किराणा दुकानाच्या फ्रीजमध्ये बसता येतं. त्याला राज्याची लेबल मंजुरी नको, दीड मिमीचा इशाराही नको. बारदाना, केबल नियमातली 'रंग आणि मांडणी'ची अट त्या फ्रीजला लागते का?

बारदाना
फ्रीजला नाही लागत. तेवढं तुमचं बरोबर. पण विकतच घेता येणारी वस्तू आहे ती, फसवणूक कुठे आहे?

बाकी शाईदौत, उंची शिरोरेषेपासून पायापर्यंतच धरावी, हेही मान्य, नाहीतर तुम्ही रात्रभर लिहीत बसाल. पण मग क्वार्टरच्या लेबलवर जागा कुठून आणायची? उत्पादकाचा पत्ता, बॅच, टक्केवारी, कमाल किंमत, राज्यापुरत्या विक्रीची ओळ, सगळं सक्तीचं आहे.

शाईदौत
मागच्या लेबलावर 'निवडक पिंपांत संयमाने मुरवलेली' वगैरे सहा ओळींचा परिच्छेद असतो. तो सक्तीचा नाही. आठ पॉइंटात असतो, फिक्या जमिनीवर, एका जाड काळ्या रंगात. अगदी स्वच्छ वाचता येतो.