अर्धगुणसूत्र आणि ९२चा घोळ

गवती_चहा: पेशीविभाजनावरची एक इंग्रजी पुस्तिका मराठीत करते आहे. माणसाच्या पेशीबद्दलचं एक वाक्य असं उतरलं: 'मध्यावस्थेत ४६ गुणसूत्रे, म्हणजे ९२ अर्धगुणसूत्रे असतात, पश्चावस्थेत गुणसूत्रे ९२ होतात.' (मध्यावस्था म्हणजे गुणसूत्रं पेशीच्या मधोमध येतात ती, पश्चावस्था म्हणजे ती दोन टोकांकडे ओढली जातात ती.) तपासणाऱ्या बाईंचा लाल शेरा: '९२ अर्धी म्हणजे ४६च की! ९२ पूर्ण कुठून आली?' विज्ञान बरोबर आहे, पण मराठी वाचलं की बाईंचंच पटतं. क्रोमॅटिडला 'अर्धगुणसूत्र'खेरीज दुसरा शब्द आहे का?

खडू_फळा: दहावीला दरवर्षी हेच सांगतो. गुणसूत्रबिंदू मोजायचे, बास. मध्यावस्थेत दोन अर्धगुणसूत्रं एकाच बिंदूपाशी जखडलेली, म्हणून ते एक गुणसूत्र. पश्चावस्थेत बिंदू दुभंगला की दोन स्वतंत्र झाली. पेशीची दोन शकलं होईपर्यंत घटकाभर ९२, मग इकडे ४६, तिकडे ४६. शब्द ठीक आहे.

उंबरठा: शब्दच तर नडतोय. डीएनएची नक्कल होण्याआधी गुणसूत्र एकेरीच असतं, त्याला कुणी अर्धं म्हणत नाही. शेजारी जुळं आलं म्हणून पहिलं अर्धं कसं काय झालं? नक्कल झाल्यानंतरचं ते फुलीसारखं चित्र पाहून कुणीतरी नाव ठेवलंय. सरळ 'पदर' म्हणा. दुपदरी गुणसूत्र, पदर सुटले की एकपदरी.

खडू_फळा: आणि डीएनएच्या रेणूचे दोन पदर असतात, ते कुठे ठेवू? एका पदरात दोन पदर? पोरं वर्गातून उठून जातील.

शुद्धमती: रोग मुळातच आहे. जर्मन शरीररचनातज्ज्ञ वाल्डायरने १८८८ मध्ये ग्रीकवरून 'क्रोमोसोम' हा जो शब्द बनवला त्याचा अर्थ रंगदेह. गुणांशी त्यांचं नातं तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. 'रंगसूत्र' हा सुंदर शब्द असताना गुणसूत्र कशाला?

परीक्षानळी: कारण ती रंगीत नसतात! रंग आपण चढवतो. कांद्याच्या मुळाचं टोक, अ‍ॅसिटोकार्मिनचा लाल रंग, स्पिरिटच्या दिव्यावर जरा शेक, आच्छादक काच ठेवून वर अंगठा. बहुतेक पेशी विभाजनात नसलेल्याच दिसतात. पश्चावस्था सापडली की अख्खा वर्ग त्या एका सूक्ष्मदर्शकावर. तेव्हा 'सर, क्रोमोसोम!' असंच ओरडतात सगळे. गुणसूत्रही नाही नि रंगसूत्रही नाही.

शुद्धमती: ओरडण्यावरून परिभाषा ठरवायची का?

परीक्षानळी: मग काय, न बोलण्यावरून ठरवायची?

भाकरतुकडा: मधेच घुसतो. गुणसूत्रांना ओढणाऱ्या धाग्यांना आमच्या पुस्तकात तुर्कतंतू म्हणायचे. यात तुर्कांचा काय संबंध? आमचे एक मास्तर तुर्की टोपीसारखा आकार असतो म्हणून सांगायचे.

शुद्धमती: टोपी नव्हे हो! संस्कृत 'तर्कु', म्हणजे सूत काढायची चाती. दोन्ही टोकं निमुळती, मधे फुगीर. तर्कुतंतूचा तुर्कतंतू झालाय, दुसरं काही नाही.

गवती_चहा: मंडळी, मी 'क्रोमॅटिड' ठेवून खाली बिंदू मोजायची तळटीप दिली. बाईंनी आता तळटीपच कापली आहे.

उंबरठा: चाती तरी कशी बसते? चातीवर सूत वाढत जातं. इथे गुणसूत्राला जोडलेला तंतू आखूड होत जातो, म्हणून ते ध्रुवाकडे, म्हणजे पेशीच्या टोकाकडे, सरकतं.

परीक्षानळी: आणि कॉल्चिसिन हे रसायन घातलं तर हे तंतू बनतच नाहीत, पेशी मध्यावस्थेत अडकते. गुणसूत्रं तपासायच्या रिपोर्टात जोड्या लावलेला फोटो असतो ना, तो अशाच अडवलेल्या पेशीचा.

शुद्धमती: नाव आकारावरून पडतं, कामावरून नाही. आपली टकळीही याच तर्कुच्या कुळातली असणार.

भाकरतुकडा: म्हणजे बायकोची तोंडाची टकळी पण?

खडू_फळा: ती बोलणाऱ्याची. टकळीसारखी जीभ अखंड फिरते म्हणून.

उंबरठा: छे, आमच्याकडे टकळी लावणे म्हणजे एकच मागणं पुन्हा पुन्हा मागणे. फिरण्याशी काही संबंध नाही.

खडू_फळा: तुमच्याकडे म्हणजे कुठे?