मदत हवी आहे: चुलतआजोबांचं ब्रिटिश लष्करातलं सर्व्हिस रेकॉर्ड

आजोबांचे थोरले भाऊ कोल्हापुरात राजाराम कॉलेजला शिकून १९३४ साली एडिंबराला डॉक्टरकीला गेले आणि तिकडचेच झाले. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर होते. घरी सगळे 'इंडियन मेडिकल सर्व्हिस'मध्ये (ब्रिटिश हिंदुस्थानची डॉक्टरांची सेवा) म्हणायचे, त्या नादात महिनाभर मी भलतीकडेच शोधत बसलो. मग मंगळवार पेठेतल्या घराच्या ट्रंकेत टोपीचा बिल्ला निघाला: काठीला वेढा घातलेला साप, वर मुकुट, खालच्या पट्टीवर 'रॉयल आर्मी मेडिकल कोर'. म्हणजे थेट ब्रिटिश सैन्य. सोबत इटली स्टार हे युद्धपदक आहे, लाल-पांढरी-हिरवी फीत अजून शाबूत. पण ब्रिटिशांनी या स्टारवर नाव-नंबर कोरलेच नाहीत, त्यामुळे सर्व्हिस नंबर मिळत नाही.

लंडन गॅझेटमध्ये (लष्करी अधिकाऱ्यांच्या नेमणुका छापणारं ब्रिटिश सरकारी राजपत्र) आडनावाची तीन स्पेलिंगं टाकून झाली, १९४० ते ४३ पाहिलं. काही नाही. एक फोटो आहे, खांद्यावर कॅप्टनचे तीन स्टार दिसतात, युनिट कळत नाही. मृत्यूचा दाखला आणि जन्मतारीख आहे. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला लंडनला जाणं शक्य नाही; अर्जाची फी भरायची तयारी आहे.

जुनी रेकॉर्डं आता ब्रिटिश संरक्षण खात्याकडून लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जकडे (सरकारी अभिलेखागार) जातायत, हे माहीत आहे. कुणी भारतात बसून असं रेकॉर्ड मागवलंय का? सर्व्हिस नंबर नसताना नुसत्या नाव-जन्मतारखेवर अर्ज चालतो का, आणि पुतण्याच्या मुलाला नात्याचा पुरावा म्हणून काय जोडावं लागतं?