मदत हवी आहे : धोंडू, दगडू, केरू... आणि मुलींचं काय?

नमस्कार मंडळी. घरातल्या जुन्या माणसांची नावं लिहून काढतेय. पणजोबा केरू, त्यांचे भाऊ दगडू आणि भिकू. आजी सांगायची, आधीची मुलं जगली नाहीत म्हणून केरूला जन्मल्यावर केराच्या ढिगावर ठेवून उचलून आणलं. भिकू म्हणजे भीक मागून मिळालेला. नाव असं टाकाऊ ठेवायचं की मृत्यूला मोह होऊ नये! नाक टोचलेला मुलगा नथू, तोही त्यातलाच.

मला वाटायचं हे आपल्याकडचंच. पण तुर्कस्तानात 'दुर्सुन' हे नाव आहे, अर्थ 'थांबू दे, राहू दे'. नायजेरियातल्या योरुबा लोकांत 'कोकुमो', म्हणजे 'आता मरणार नाही'. चिनी खेड्यांत तर 'गौशेंग', कुत्र्याने खाऊन उरलेला! (आमचा केरू बराच सुखी म्हणायचा.)

आता अडलंय ते इथे. मुलींमध्ये मला धोंडाबाई, दगडाबाई, भिकाबाई एवढीच सापडली. 'नकुशी' मी यात धरत नाही. ते नाव मुलगी जगावी म्हणून नव्हे, पुढची मुलगी होऊ नये म्हणून. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात २०० हून जास्त नकुशींची नावं बदलली, ती वेगळीच गोष्ट.

तुमच्या घरात, विशेषतः कोकण, विदर्भ, गोव्याकडे, मुलगी जगावी म्हणून ठेवलेलं असं नाव ऐकलंय का? नावामागचा विधी माहीत असेल तर तोही सांगा. आडनाव नको, गावाचा भाग सांगितला तरी चालेल.