रोजच्या २४ वरून २०० ची ब्रेव्हे, झेपेल का?

ऑफिसला सायकलनेच जाते, जाऊन-येऊन २४ किलोमीटर. गेल्या रविवारी ८० केले, पण ६० नंतर मांड्या भरून आल्या. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, साडेतेरा तासांत जमेल?

– जमेल. थांबे धरून ताशी १५ ची सरासरी पुरते. मी पहिल्या वेळी सुरुवातीलाच जोर लावला आणि १३० ला पायांतलं त्राणच गेलं. चढावर जड गिअर रेटू नका. हलका गिअर ठेवा, पाय फिरते ठेवा. आणि भुकेची वाट न बघता तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या, हे फार मनापासून सांगतोय.

– सीटची उंची तपासलीत? माझी गुडघेदुखी तिथूनच होती.

– नाही तपासली! आज संध्याकाळीच बघते. येत्या रविवारी १००.