मेटास्टॅसिसला काय म्हणावं? आणि 'मूलपेशी'तलं मूल कुणाचं?

परभणीकर: मावशीला स्तनाचा कॅन्सर आहे. परवा स्कॅनमधे फुफ्फुसात ठिपके निघाले. घरी सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी म्हणलं, "छातीत गेलंय." मामा म्हणाले, "छातीतच तर होतं की!" आमच्याकडं स्तनही छाती आणि फुफ्फुसही छातीच. मग "पसरलंय" म्हणलं, तर विचारायलेत, फुफ्फुसाच्या कॅन्सरचं औषध का देईनात? मेटास्टॅसिसला, म्हणजे कॅन्सर मूळ जागेतून दुसऱ्या अवयवात जाऊन वाढण्याला, नेमका शब्द सुचवा.

अंबाजोगाईची सून: लेखांत 'स्थलांतर' वाचलंय. नको. आपल्या भागात स्थलांतर म्हणजे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणं. घराला कुलूप लागतं आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की माणसं परत येतात. कॅन्सर पहिलं घर सोडत नाही, गेलेला परतही येत नाही.

काळी माती: हरळी बघा. एका जागी पसरते ते वेगळं. पण वखराच्या फासेला अडकून तिची कांडी दुसऱ्या टोकाला जाते, तिथं फुटते, आणि तिथंही हरळीच उगवते, कुंदा नाही. फुफ्फुसात गेलेला स्तनाचा कॅन्सर स्तनाचाच राहतो, म्हणून औषधही त्याचंच. वखराचं काम इथं रक्त करतं. शिरांतलं बहुतेक रक्त हृदयातून आधी फुफ्फुसात जातं, त्यामुळं कांड्या तिथं जास्त अडकतात. सगळ्याच रुजत नाहीत, जमीन मानवावी लागते. स्टीफन पॅजेट या इंग्रज डॉक्टरानं १८८९ मधे बी आणि जमिनीचीच उपमा दिली होती. माझं मत 'दूररुजवण'ला. बोजड आहे, पण मूळ विसरू देत नाही.

जिंतूरवाला: थोडं विषयांतर. वडलांना सीओपीडी आहे, म्हणजे फुफ्फुसाचा जुनाट दम लागायचा आजार. एकानं 'मूलपेशी (स्टेम सेल) टोचून फुफ्फुस नवं करतो' म्हणून लाखाचा आकडा सांगितला. वडील विचारतात, "कुणाच्या मुलाच्या पेशी?"

अंबाजोगाईची सून: हे 'मूल' म्हणजे मूळ, लेकरू नव्हे. नाळेच्या रक्तातही या पेशी असतात, म्हणून घोळ वाढतो. 'मूळपेशी' लिहा, वाद मिटला. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलनं १८६८ मधे जो शब्द वापरला त्यात खोड आहे, वंशवृक्षाचं. त्यावरून 'स्कंधपेशी'ही बरोबर. 'स्कंदपेशी' मात्र नको, स्कंद म्हणजे कार्तिकेय!
आणि पैसे भरू नका. रक्ताच्या काही आजारांत मूळपेशींचं प्रत्यारोपण हा रुळलेला उपचार आहे, सीओपीडीत अजून प्रयोगच चाललेत. प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात, आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या सूचना वाचा. तिथं 'उपचार' हा शब्दच चुकीचा आहे.

परभणीकर: मामांना हरळी सांगितली. लगेच कळलं. म्हणाले, "मग तिथली कांडी उपटून का बघायलेत?" कारण डॉक्टरांनी फुफ्फुसातला तुकडा तपासायला घेतलाय.

काळी माती: सांगा त्यांना, नव्या जमिनीत वाण कधी कधी थोडं बदलतं. औषध ठरवायच्या आधी ते बघावं लागतं.